एम४१६ की एकेएम? कोकणातल्या पावसात बीजीएमआय खेळताना

बीजीएमआय म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, मोबाइलवरचा बंदुकांचा गेम; एम४१६ नि एकेएम या त्यातल्या रायफली. चौघांच्या स्क्वाडमध्ये (संघात) गोळ्यांची वाटणी आधीच ठरवा: दोघांकडे ५.५६ मिमीच्या (एम४१६ला), दोघांकडे ७.६२च्या (एकेएमला). सगळे एकाच गोळीवर गेले की मैदान आक्रसून उरलेल्या शेवटच्या वर्तुळात मॅगझीन रिकामी.

नवशिक्याने एम४१६च घ्यावी. ती हेकलर अँड कॉख या जर्मन कंपनीच्या एचके४१६वर बेतलेली आहे. तिला मझल (नळीच्या टोकाचा भाग), ग्रिप (पुढची मूठ), मॅगझीन, स्टॉक (दस्ता), स्कोप (दुर्बीण), सगळं बसतं. आधी कॉम्पेन्सेटर (नळीची उसळी कमी करणारा मझल) शोधा. एक्स्टेंडेड मॅगझीनने ३०च्या ४० गोळ्या होतात. एकेएम ही १९५९ची सोव्हिएत रायफल. मार जबर, पण गेममध्ये तिला ग्रिप नि स्टॉक बसवता येत नाही, म्हणून नळी उसळते. ती जवळच्या चकमकीत वापरा, लांबच्याला एकेक गोळी. कार९८के या स्नायपर रायफलची खरी गोळी ७.९२ मिमीची; गेममध्ये मात्र ७.६२च गोळा करा.

सरावाला ट्रेनिंग ग्राउंडच्या भिंतीवर अंगठा न हलवता अख्खी मॅगझीन झाडा. छिद्रं जितकी वर चढतील तितकं खाली खेचायचं. आषाढात मालवण-वेंगुर्ल्याच्या दमट हवेत अंगठा काचेला चिकटतो, खेच तुटते, नेम डोक्यावरून जातो. सेन्सिटिव्हिटी (बोट फिरवल्यावर नेम किती सरकतो, ते सेटिंग) बदलण्याआधी स्क्रीन सुक्या सुती फडक्याने पुसा आणि बोटांना चिमूटभर टाल्कम पावडर लावा.