फ्लाईट कॅन्सल झाली? तिकीट दुसऱ्या एअरलाईनवर असं करून घ्या

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, तिकीट तुम्ही स्वतः ट्रान्सफर करू शकत नाही, ज्या एअरलाईनने फ्लाईट रद्द केली तिलाच ते दुसऱ्या कंपनीच्या फ्लाईटवर री-इश्यू करावं लागतं, आणि त्यासाठी दोघांमध्ये इंटरलाईन करार, म्हणजे एकमेकांची तिकिटं चालवून घ्यायचा करार हवा. बऱ्याच लो-कॉस्ट कंपन्यांचा तो नसतोच, तिथे फार डोकं आपटू नका, रिफंड घ्या आणि दुसरं तिकीट काढा.

काउंटरच्या लाईनीत उभे असतानाच कॉल सेंटरला फोन लावा, ॲपवरही बघत राहा, जिथे आधी नंबर लागेल तिथे. पण "काहीतरी करा ना" म्हणून काही होत नाही, कुठल्या फ्लाईटमध्ये सीट आहे ते स्वतः शोधून फ्लाईट नंबर आणि वेळ सांगा, एजंटचं अर्धं काम तिथेच होतं. युरोपियन युनियनमधल्या देशातून निघणारी फ्लाईट असेल तर ईयू २६१ या तिथल्या प्रवासी हक्कांच्या नियमाचं नाव घ्या, त्यात लवकरात लवकर पर्यायी प्रवास मागायचा हक्क आहे.

आता खरी गोम. नुसतं बुकिंग कन्फर्म दिसलं म्हणून पळू नका, नवीन १३ आकडी ई-तिकीट नंबर मागा, तो नसेल तर नवीन एअरलाईनचा चेक-इनवाला तुम्हाला परत पाठवणार. जुन्या फ्लाईटचं चेक-इन झालं असेल तर ते काढायला सांगा. बॅग आधीच दिलेली असेल तर टॅगची पावती दाखवून ती कुठे जाणार तेही विचारा.

आणि स्वतःहून रिफंडचं बटण आधीच दाबू नका, मग री-इश्यू करायला तिकीटच उरत नाही.