पाण्यातली कीटकनाशकं: चूक बहुधा बाटली भरतानाच होते

अहवालात 'आढळले नाही' असं दिसलं की आधी प्रयोगशाळेची मापनमर्यादा विचारा. युरोपीय संघाच्या नियमानुसार पिण्याच्या पाण्यात एकेका कीटकनाशकाला ०.१ आणि सगळ्यांना मिळून ०.५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर एवढीच मुभा आहे. पद्धत १ मायक्रोग्रॅमच्या खाली मोजतच नसेल, तर त्या 'नाही'ला काही अर्थ नाही.

ओढ्या-नदीचा नमुना महिन्याच्या ठरलेल्या तारखेला घेत बसू नका. फवारणीनंतरच्या पहिल्या जोरदार पावसात शेतातलं औषध वाहून येतं आणि छोट्या ओढ्यात ते काही तासांत ओसरतं. पाणी चढायला लागल्यापासून दर एक-दोन तासांनी बाटली भरा. भूजल संथ बदलतं, तिथे तिमाही नमुना चालतो. मात्र उथळ विहीर किंवा भेगाळ खडक असेल तर पावसानंतर एक जादा फेरी हवीच.

निरीक्षण विंधनविहिरीतलं (भूजल तपासण्यासाठी खोदलेल्या बोअरमधलं) साचलेलं पाणी आधी उपसून टाकायचं, निदान तीन आकारमानं, म्हणजे नळीत उभ्या असलेल्या पाण्याच्या तिप्पट. १० सेंमी व्यासाच्या नळीत २० मीटर पाणी असेल, तर एक आकारमान साधारण १५७ लिटर. म्हणजे ४७० लिटर उपसा. त्यातही पीएच, विद्युतवाहकता आणि तापमान सलग तीन वाचनांत स्थिर झाल्याशिवाय बाटली उघडू नका.

बाटली १ लिटरची, तपकिरी काचेची, टोपणाला आतून टेफ्लॉनचं अस्तर. साधं प्लास्टिक नको. क्लोरीनयुक्त जुनी कीटकनाशकं आणि पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं त्याच्या भिंतीला चिकटतात आणि पाणी उगाच स्वच्छ दिसतं. याच कारणासाठी काचेची बाटली नमुन्याच्याच पाण्याने विसळूही नये. ग्लायफोसेट या तणनाशकाचं नेमकं उलट: ते काचेला धरतं, म्हणून त्याला पॉलिप्रॉपिलीनची वेगळी बाटली. मग बर्फावर, अंधारात, ४ अंशांच्या आसपास; निष्कर्षण (पाण्यातून औषध वेगळं काढणं) ७ दिवसांच्या आत.

प्रत्येक फेरीत शुद्ध पाण्याची एक बाटली जागेवरच उघडून भरा आणि बाकीच्यांसोबत पाठवा. तिच्यात औषध सापडलं तर दोष हाताळणीचा. एक नमुना दुहेरी घ्या. ज्ञात मात्रा मिसळलेल्या नमुन्यातून ७० ते १२० टक्के परत मिळालं नाही, तर बाकीचे आकडेही संशयास्पद धरा. गढूळ पाण्यात असं कमी परत मिळणं बऱ्याचदा होतं, कारण बरंचसं औषध गाळाला चिकटलेलं असतं. गाळून फक्त पाणी तपासलं असेल तर तसं नोंदवा.

एलायझा संच (प्रतिपिंडांवर चालणारी झटपट चाचणी) चाळणीपुरता ठीक. तो एकाच कुळातल्या रसायनांत गल्लत करतो. त्यावर होकार आला तर एलसी-एमएस/एमएसवर (द्रवात रसायनं वेगळी करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) खात्री करा. क्लोरीनवाल्यांसाठी जीसी-एमएस (हेच काम वायुरूपात करणारं यंत्र) बरं. आणि मूळ औषधाबरोबर त्याची विघटनद्रव्यंही (ते मोडून तयार होणारी रसायनं) यादीत घाला: ॲट्राझीन या तणनाशकाबरोबर डीइथाइल-ॲट्राझीन, ग्लायफोसेटबरोबर एएमपीए. भूजलात पुष्कळदा मूळ औषध संपलेलं असतं आणि हीच उरलेली असतात.