नववी-दहावीच्या पोरांकडून मोठ्यांची कामं कशी करून घ्यायची

मागच्या महिन्यात लेकाला बँकेत घेऊन गेलो. दहावीत आहे, गणित चांगलं आहे त्याचं, पण पैसे भरायची स्लिप हातात दिली तर पेन धरून तसाच उभा. मग हळूच विचारतो, "बाबा, अक्षरी रुपये म्हणजे काय लिहायचं?" मागे लाईन लागली होती, माझा हात स्लिप ओढायला पुढे गेलाच होता, कसाबसा आवरला. त्यानेच लिहिलं, पंधराशे फक्त. सही राहिली होती, ती काउंटरवरच्या ताईंनी करायला लावली. बाहेर आलो तर पोट्ट्याची मान एकदम ताठ.

तेव्हापासून मी हेच सगळ्यांना सांगून राहिलो, शाळेत शिकवत नाहीत असं काही नाही. दहावीच्या राज्यशास्त्रात संविधानाची वाटचाल आहे, निवडणूक प्रक्रिया आहे, चळवळी आहेत, धडे चांगले आहेत. पण ते मार्कांपुरते पाठ होतात आणि मार्चनंतर विसरून जातात. म्हणून प्रत्येक धड्यामागे एक खरं काम पोराच्या हातून होऊ द्या, आपण फक्त बाजूला उभं राहायचं.

सुरुवात कागदांपासून करा. बोर्डाच्या परीक्षेआधी शाळेत प्रिलिस्ट म्हणजे परीक्षेला बसणाऱ्यांची कच्ची यादी येते, त्यात नाव, आईचं नाव, जन्मतारीख सगळं असतं आणि चूक असेल तर तेव्हाच सहज दुरुस्त होते. मोठीच्या वेळी मी घाईत न पाहता सही करून टाकली, नंतर समजलं आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी आहे, मग पुढे किती चकरा मारल्या ते माझं मलाच माहीत. आता धाकट्याला सांगितलं, जन्मदाखला आणि आधार समोर ठेव आणि एकेक अक्षर बोट ठेवून जुळव. आधारचं पण लक्षात ठेवा, १५ वर्षं झाली की बोटांचे ठसे, डोळे, फोटो पुन्हा द्यावे लागतात, १५ ते १७ च्या मधात केलं तर पैसे लागत नाहीत.

जातीचा दाखला लागणार असेल तर अकरावी-बारावीची वाट पाहू नका, आणि जुने पुरावे शोधायला पोराला सोबत न्याच. ओबीसीला १९६७ च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या आधीचा आणि एससीला १९५० च्या आधीचा पुरावा पाहतात. आपल्या विदर्भात तो बहुतेक गावच्या शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरमध्ये, म्हणजे पोरं शाळेत आल्या-गेल्याच्या नोंदवहीत, नाहीतर कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या, नकलेत सापडतो. काटोलकडच्या आमच्या गावी मुख्याध्यापकांनी ते रजिस्टर काढलं, पानं पिवळी पडलेली, कडा तुटत होत्या, त्यात माझ्या वडिलांचं नाव निळ्या शाईत, पुढे जात, पुढे शाळा सोडल्याचं कारण "शेतीकाम". पोरगी बराच वेळ त्या एका ओळीकडेच पाहत होती. मग अर्ज तिनेच लिहिला, नक्कल तिनेच मागितली.

माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा, हा तर पुस्तकात आहेच, तो घरी करून पाहा. आमच्या गल्लीतले दोन खांब किती दिवस अंधारात होते, तर अर्ज माझ्या नावाने टाकला पण लिहिला लेकीने. पहिल्यांदा तिने लिहिलं, "लाईट काहून लावत नाही?" मी म्हटलं बेटा, ही माहिती नाही झाली, हा जाब झाला, आपल्याला त्यांच्याकडे असलेला कागद मागायचा आहे. मग तिने पुन्हा लिहिलं, या रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल सहा महिन्यांत आलेल्या तक्रारी आणि त्यावर केलेल्या कारवाईची नक्कल मिळावी. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, आणि उत्तराला ३० दिवस. तारीख तिने कॅलेंडरवर गोल करून ठेवली. पोच मात्र हातात घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

निवडणुकीचा धडा शाळेतच करता येतो, शिक्षकांना विनंती करा. मॉनिटर हात वर करून निवडू नका, त्यात सगळे मित्राकडे पाहून हात वर करतात. चिठ्ठ्या, खोक्याचा डबा, बोटाला शाई, आणि प्रत्येक उमेदवाराचा एकेक पोट्टा मोजणीला बसवा. हरलेल्याने पण निकालावर सही करायची, ही सवय लहानपणीच लागलेली बरी.

आणि आपण नागपूरकर, १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन आपल्याकडे होते, पण पोरांना डिसेंबर म्हणजे सिव्हिल लाईन्सचा ट्रॅफिक एवढंच माहीत असते. एक दिवस मोर्चे पाहायला न्या. कोणाचा मोर्चा आहे, मागणी काय, कोणत्या खात्याच्या मंत्र्याकडे जाईल, हे त्यांनी तिथल्याच एखाद्या काकूला विचारून यायचं. आमच्याकडच्याने अंगणवाडीच्या बाईंना विचारलं, त्यांनी मानधनाचा सगळा हिशोब त्याला समजावून सांगितला, चळवळींचा धडा त्याला त्यानंतर वाचावासा वाटला.

गाडीबद्दल कडक राहा. ट्यूशनला सोळाव्या वर्षी मोपेड चालवून राहिले सगळे, पण सोळाव्या वर्षीचं लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनागिअरच्या गाडीला आहे आणि आपल्या घरातल्या गाड्या बहुतेक ११० सीसीच्या आसपास नाहीतर त्याच्या वरच्या आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. हे कलम मी लेकाला मोठ्याने वाचायला लावलं, त्याने चावी स्वतःच खिळ्याला अडकवली. मोबाईलवरून पैशांचं एकच सांगा, पैसे यायला पिन लागत नाही, कोणी पिन टाक म्हणाला तर फोन ठेव, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन कर.

१७ पूर्ण झाले की मतदार नोंदणीचा फॉर्म ६ आगाऊ भरता येतो, आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, त्यातल्या ज्या तारखेला १८ पूर्ण असतील त्यानुसार नाव चढते. मोठीने वाढदिवसानंतरच्या रविवारी भरला, फोटो स्वतः काढला, जन्मतारखेचा पुरावा म्हणून दहावीचंच सर्टिफिकेट जोडलं. भरताना ओटीपी तुमच्या नाही, त्यांच्याच मोबाईलवर येऊ द्या.