लघवीत अल्ब्युमिन आलं म्हणून डाळ बंद? गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत या चुका टाळा

माझी भाची अमळनेरला दिलेली. दुसऱ्या महिन्यात तिच्या लघवीच्या तपासणीत अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, 'ट्रेस' (अगदी किंचित) आलं आणि त्याच संध्याकाळी सासूबाईंनी सांगितलं, "दाय बंद कर." वरण गेलं, कळण्याची भाकरी गेली, शेंगदाण्याची चटणीसुद्धा गेली. उरला भात आणि चहा. आठ-दहा दिवसांत पोरगी पार गळून गेली.

त्या माउलीने काळजीपोटीच सांगितलं, पण लघवीत प्रथिन येतं ते डाळ जास्त झाली म्हणून नव्हे. किडनीची गाळणी गळत असेल तर येतं, नाहीतर नमुना नीट घेतलेला नसतो. या दिवसांत अंगावरून पांढरं जातं; ते मिसळलं तरी तपासणीच्या पट्टीचा रंग बदलतो. जागा स्वच्छ धुवा, पहिली धार सोडा, मधली बाटलीत घ्या. भाचीचा दुसरा नमुना असा घेतला, तो निल आला. पुन्हाही अल्ब्युमिन आलं तर मात्र अंगावर काढू नका. 20 आठवड्यांच्या आत ते सतत दिसलं, तर संसर्ग किंवा किडनीचा जुना आजार असू शकतो.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती क्रिएटिनिनच्या आकड्याची. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला टाकाऊ पदार्थ, जो किडनी गाळून बाहेर टाकते. दिवस राहिल्यावर काही आठवड्यांतच किडनी जास्त रक्त गाळू लागते. पहिली तिमाही सरेपर्यंत जवळपास दीडपट. म्हणून क्रिएटिनिन उतरतं, बहुतेकींचं 0.4 ते 0.6 च्या आसपास येतं. रिपोर्टवर 0.9 हा आकडा 'नॉर्मल'मध्ये बसतो, कारण छापलेली मर्यादा गरोदर नसलेल्या बाईची असते. असा कागद फाइलमध्ये ठेवून देऊ नका, डॉक्टरांना दाखवाच.

डाळ तोडण्याइतकीच उलटी चूक म्हणजे पहिल्याच महिन्यात प्रोटीन पावडरचा डबा आणणं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीत 55 किलोच्या बाईला रोज सुमारे 46 ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. जादाचे 9.5 ग्रॅम दुसऱ्या तिमाहीत लागतात, 22 ग्रॅम तिसऱ्या. मूठभर शेंगदाण्यांत 7 ग्रॅम, एका अंड्यात 6. आणि कळण्यात तर ज्वारीसोबत अख्खे उडीद दळलेले असतात. मळमळत असेल तर तीच भाकरी चतकोर-चतकोर, ताकासोबत खा. आधीच किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

जळगाव-भुसावळचा मे महिना असेल तर पाणी घोट-घोट पीत राहा. आणि कंबर दुखली म्हणून मेडिकलवरून मनानेच वेदनाशामक गोळी आणू नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीलाही जड जातात आणि गर्भालाही.