किक रिटर्नर व्हायचं तर आधी झेल, मग धाव

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, किक रिटर्नर (विरोधी टीमने किक केलेला बॉल झेलून पुढे पळणारा खेळाडू) म्हणून जागा मिळवायला वेग लागतोच, पण या लीगमध्ये वेगवान पोरांची वानवा कधीच नसते. स्पेशल टीम्सचा, म्हणजे किकच्या वेळी उतरणाऱ्या गटांचा, कोच आधी बघतो ते हे की मुलाच्या हातून बॉल सुटतो का. जानेवारी २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्क जायंट्स यांच्या सामन्यात पंटचा (हातातून सोडून मारलेल्या उंच किकचा) बॉल सॅन फ्रान्सिस्कोच्या रिटर्नरच्या गुडघ्याला नुसता चाटून गेला आणि जायंट्सनी तो उचलला. पुढे जादा वेळेत त्याच रिटर्नरच्या हातातला बॉल हिसकावला गेला. जायंट्स २०-१७ ने जिंकून सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, गेले. म्हणून सरावाचा निम्म्याहून जास्त वेळ झेलाला द्या.

झेल

क्रिकेटमध्ये सीमारेषेवरचा उंच झेल आपण बोटांनी घेतो. इथे ती सवय मोडावी लागते. बॉल लांबट आहे, वजन साधारण ४०० ते ४२५ ग्रॅम, आणि किकसाठी बॉल वेगळे ठेवलेले असतात. कोपरं बरगड्यांजवळ, तळवे वर, आणि बॉल छाती-पोटाच्या मधल्या खोबणीत उतरू द्यायचा. कोपरं फाकली की बॉल मधून निसटतो. बॉल काखेत पक्का बसेपर्यंत नजर त्याच्यावरून हलवायची नाही. बहुतेक बॉल सुटतात ते धावत येणाऱ्यांकडे अर्धा सेकंद आधी बघितल्यामुळे.

पंट हवेत असताना बॉलचं टोक बघायला शिका. टोक खाली वळलं तर बॉल लांब जातो. वरच राहिलं तर आखूड पडतो आणि बाजूला सरकतो. डावखुऱ्या पंटरचा बॉल उलटा फिरतो, त्यामुळे सरकण्याची दिशाही उलटते. पुढच्या सामन्यात डावखुरा पंटर असेल तर आठवडाभर तशाच किकवर सराव करा. मशीनमधून येणारे बॉल एकसारखे असतात. हाताला वळण लागायला ते चांगले, पण वारा आणि वेडावाकडा बॉल खऱ्या पंटरकडूनच शिकावा लागतो. एका काखेत बॉल धरून दुसरा झेलणं, मग दोन धरून तिसरा झेलणं, हा जुना सराव आजही सर्वांत उपयोगी आहे. त्यात हात कमी पडतात, म्हणून पाय आपोआप बॉलच्या खाली येतात.

पंटवर निर्णय

पंटच्या वेळी आपल्या गोल रेषेपासून दहा यार्डांच्या रेषेवर टाचा ठेवा आणि मागे सरकू नका. डोक्यावरून गेलेला बॉल बहुतेकदा गोल रेषेमागच्या एन्ड झोनमध्ये जाऊन टचबॅक होतो, म्हणजे खेळ थांबतो आणि आपल्याला पुढच्या ठरलेल्या रेषेवरून सुरुवात मिळते. मागे धावत जाऊन चार यार्डांवर झेलला तर सगळा तोटा आपल्याच टीमचा.

बॉल साडेचार सेकंद हवेत राहिला आणि धावणारे पाच यार्डांत आले असतील तर फेअर कॅच घ्या, म्हणजे इशारा देऊन धक्क्याविना झेल, पण मग पळायचं नाही. एक हात डोक्यावर पूर्ण ताठ करून डावी-उजवीकडे हलवायचा. अर्धवट उचलला तर दंड होतो. इशारा दिल्यावर झेल घेतला नाही, तरी बॉलला कुणी शिवेपर्यंत स्वतः ब्लॉक करता (विरोधकाला अंगाने अडवता) येत नाही. बॉल झेलायचा नसेल तर लांब व्हा आणि ठरलेला शब्द जोरात ओरडा. अनेक टीम 'पीटर' ओरडतात. आपल्याच ब्लॉकरच्या पायाला बॉल लागला तर विरोधी टीमला तो ताब्यात घेता येतो, आणि दोष ओरडला नाही त्या रिटर्नरचाच.

झेल घेतल्यावर पहिले दहा यार्ड सरळ पुढे. आडवं पळून जागा शोधणाऱ्याला मागून येणारे गाठतात.

किकऑफचे नवे नियम

२०२४ पासून एनएफएलचा किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करणारी किक, पार बदलला आहे. किकर स्वतःच्या ३५ यार्डांवर, त्याचे बाकीचे दहा जण थेट समोरच्या टीमच्या ४० यार्डांवर उभे. गोल रेषेपासून २० यार्डांपर्यंतचा पट्टा म्हणजे लँडिंग झोन. तिथे जास्तीत जास्त दोन रिटर्नर. त्या पट्ट्यात किंवा एन्ड झोनमध्ये बॉल जमिनीला किंवा खेळाडूला लागेपर्यंत दोन्ही बाजूंचे बाकीचे हलू शकत नाहीत. फेअर कॅच नाही.

पट्ट्यात पडलेला बॉल परत आणावाच लागतो. तो घरंगळत एन्ड झोनमध्ये गेला आणि तिथेच दाबला (गुडघा टेकून खेळ थांबवला) तर सुरुवात २० वर. थेट हवेतून एन्ड झोनमध्ये आला आणि दाबला तर २०२५ पासून ३५ वर. आधीच्या वर्षी ३० वर होती. हे १५ यार्डांचं अंतर डोक्यात पक्कं असू द्या. ३५ मुळेच किकर मुद्दाम आखूड, डगमगणारे बॉल टाकू लागले. असा बॉल उसळण्याआधीच घ्या. जमलं नाही तर एक गुडघा टेकून अंग त्याच्या मागे ठेवा. दुसऱ्या रिटर्नरशी 'मी' की 'तू' हे बॉल वर असतानाच ठरलं पाहिजे. जो झेलत नाही त्याने पुढे जाऊन पहिला माणूस अडवायचा.

अमेरिकेत शाळेत खेळणाऱ्या मुलांनी घोळ करू नये: हायस्कूलमध्ये किक गोल रेषा ओलांडली की बॉल तिथेच मृत. कॉलेजमध्ये किकऑफवर फेअर कॅच चालतो.

आत शिरणं आणि टिकणं

रिटर्नर डेव्हिन हेस्टरला २००६ साली शिकागोने ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) दुसऱ्याच फेरीत निवडलं, फेब्रुवारी २००७ च्या सुपर बोलमध्ये त्याने पहिलाच किकऑफ ९२ यार्ड परत नेला आणि २०२४ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. तो अपवाद. जोश क्रिब्स कॉलेजात क्वार्टरबॅक (पास फेकणारा) होता, ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही, आणि क्लीव्हलंडसह त्याने किकऑफवर आठ टचडाउन केले, म्हणजे बॉल थेट समोरच्या एन्ड झोनमध्ये नेला. कॅव्हॉन्टे टर्पिन २०२२ मध्ये यूएसएफएल ही दुसरी लीग गाजवून डॅलसमध्ये आला.

ऑगस्टअखेर टीममधले ९० खेळाडू कमी करून ५३ होतात, आणि सामन्याला त्यातले जेमतेम ४८ तयार होतात. फक्त रिटर्न करणाऱ्यासाठी त्यात जागा काढणं कोचला जड जातं. म्हणून पास झेलणारा रिसीव्हर, त्याला रोखणारा कॉर्नरबॅक किंवा पंटच्या पाठलागात टोकाला धावणारा गनर, यांपैकी एक काम खरोखर चांगलं यायला हवं. कॅम्पच्या चित्रफितीत तुमचे अडवण्याचे आणि टॅकलचे प्रसंगही दिसले पाहिजेत.

२०२५ मध्ये नवख्याचं किमान वेतन ८,४०,००० डॉलर होतं, पण बहुतेक करार हमीशिवायचे, आणि टीममधून काढलं की आठवड्याचा चेक बंद. एजंटला ३ टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका. खेळाडू संघटनेची मर्यादाच ती आहे. तीन मान्य हंगाम झाले की पेन्शनचा हक्क लागतो, त्यामुळे तिसऱ्या वर्षी चांगल्या टीमच्या सराव पथकापेक्षा (मुख्य ५३ बाहेरच्या गटापेक्षा) कमकुवत टीममधली पक्की जागा निवडलेली बरी.

भारतातून बघणाऱ्यांसाठी: लॉस एंजेलिस २०२८ मध्ये येणाऱ्या पाच जणांच्या फ्लॅग फुटबॉलमध्ये किकच नाहीत, तेव्हा हे कौशल्य तिथे मिळणार नाही. रग्बीत उंच बॉल झेलणारा फुलबॅक किंवा विंगर याच्या जास्त जवळ आहे. तरीही वेल्सचा रग्बीपटू लुई रीस-झॅमिट २०२४ मध्ये एनएफएलच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमातून आला आणि पुढच्या वर्षी रग्बीत परतला: झेल त्याला येत होता, पण ब्लॉकच्या मागून वाट काढायला नव्यानेच शिकावं लागतं.