जमीन बदलली की हात बदला: व्हिक्टोरियाच्या सोनेपट्ट्यात डिटेक्टर फिरवताना

मेलबर्नहून सुट्टीला बेंडिगोकडे येणारी मराठी मंडळी हल्ली गाडीत मेटल डिटेक्टर, म्हणजे पुरलेला धातू हुडकणारं मशीन, टाकून येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, सेन्सिटिव्हिटी किती ठेवायची?" माझं उत्तरही ठरलेलं. मशीन किती बारीक सिग्नल टिपणार ते ठरवणारी ही सेटिंग कंपनीने ठेवलीय तेवढीच राहू द्या, आधी तुमचा हात बघू. हजारो डॉलरचं मशीन दर फेरीला दोन्ही टोकांना हवेत उडत असेल, तर जुनंपानं मशीन नीट फिरवणारा म्हातारा तुमच्या नाकासमोरून सोनं उचलून नेतो.

हाताकडे वळण्याआधी कागद. व्हिक्टोरियात सोनं शोधायला 'मायनर्स राइट' हा परवाना लागतो. तो ऑनलाइन मिळतो आणि दहा वर्षं चालतो. त्यावर खुल्या सरकारी जमिनीत फिरता येतं. खासगी शेतात मालकाची परवानगी वेगळी. बहुतेक राष्ट्रीय उद्यानं बंद असतात, तेव्हा नकाशा पाहूनच निघा. हाताच्या अवजारांनीच खणायचं आणि खड्डा बुजवूनच पुढे जायचं. हेच मशीन गावी नेऊन एखाद्या गडाच्या पायथ्याशी फिरवावं, असं मनात असेल तर तो विचार इथेच सोडा. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा भारतात आजही आहे, आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं.

आता हात. मशीनच्या दांड्याची लांबी अशी लावा की पाठ ताठ, कोपर किंचित वाकलेलं आणि कॉइल, म्हणजे धातू टिपणारी खालची चकती, बुटांच्या पुढे हातभर अंतरावर राहील. बुटाच्या टोकात स्टील असेल तर कॉइल जवळ आली की मशीन तुमच्या पायावरच ओरडतं. फेरी मनगटाने मारू नका, खांदा आणि कंबर वळू द्या. मनगटाने मारलेल्या फेरीत कॉइल मधोमध जमिनीला लागून असते आणि दोन्ही टोकांना वीतभर वर जाते. स्वतःला हे दिसत नाही, म्हणून सोबतच्या माणसाला मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. बघितल्यावर बहुतेक जण गप्प होतात.

त्या वीतभराने एवढं काय बिघडतं? कॉइलच्या रुंदीपेक्षा खोल गेलेल्या लहानशा वस्तूचं अंतर दुप्पट झालं, तर तिच्याकडून परत येणारा सिग्नल निम्मा होत नाही, साठ-पासष्ट पटींनी घटतो. म्हणून मी म्हणते, लांब फेरीचा हट्ट सोडा. तीन-साडेतीन फुटांचा पट्टा पुरे, पण टोकापासून टोकापर्यंत सपाट. लहानपणी ज्यांनी अंगण सारवलंय त्यांचा हात यात लवकर बसतो: तळवा सपाट, दाब सारखा आणि प्रत्येक हात आधीच्या हातावर अर्धा चढलेला. मोनो, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या, कॉइलला हे अर्धं चढवणं फारच गरजेचं, कारण तिचा आवाका खोल जाताना निमुळता होत जातो. डीडी, म्हणजे इंग्रजी D सारखी दोन वेटोळी एकमेकांवर चढलेल्या, कॉइलचा आवाका मधोमध, पुढून मागे अशा उभ्या पट्टीत उतरतो, त्यामुळे तिथे थोडं कमी चढवलं तरी निभावतं.

लाल, लोखंडी जमीन

डनॉली, टार्नागुल्ला, वेडरबर्न या पट्ट्यात जमीन लालभडक आणि वर आयर्नस्टोनचे, म्हणजे लोहयुक्त दगडाचे, खडे पसरलेले. कोकणातल्या माणसाला जांभ्याची आठवण येईल. लोह दोन्हीकडे भरपूर, आणि मशीनला छळणारं तेच. इथे माझा वेग बागेतल्या वेगाच्या निम्म्याहून कमी असतो. पल्स इंडक्शनचं, म्हणजे विजेचे तुटक ठोके सोडणारं, मशीन असेल तर डावीकडून उजवीकडे जायला चार-पाच सेकंद घ्या. कंटाळा येतो, येऊ द्या. भरभर फिरवलं की जमिनीचा चढउतार आणि खालच्या बारीक तुकड्याचा आवाज एकमेकांत मिसळून जातात, आणि तुम्ही थ्रेशोल्डची, म्हणजे मशीनच्या सततच्या मंद आवाजाची, नुसती कुरकुर ऐकत बसता.

ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीच्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला मशीनला लावणं. ते करताना आधी खाली धातू नाही ना, हे बघून घ्या. मग कॉइल वीतभर उंचीवरून जमिनीच्या अगदी जवळ, अशी सावकाश वरखाली करा, आवाज दोन्हीकडे सारखा होईपर्यंत. लाल मातीतून पिवळ्या चिकणमातीत शिरलात की पुन्हा करा. मशीन ऑटो ट्रॅकिंगवर असेल, म्हणजे हा बॅलन्स आपोआप बदलत असेल, तर एक सांभाळा: बारीक आवाज आला म्हणून त्याच जागेवर दहादा कॉइल घासत बसाल, तर मशीन त्या आवाजालाच जमीन समजून पुसून टाकू शकतं. तपासताना ट्रॅकिंग फिक्स करा.

आवाज खरा की जमिनीचा, हे ओळखायची माझी रीत साधी आहे. पहिल्यांदा त्याच वेगाने उलट दिशेने कॉइल न्या. दोन्ही दिशांना एकाच जागी, आखूड आणि टोकदार आवाज आला तर थांबा. जमिनीचा आवाज पसरट असतो, सुरू कुठे झाला आणि संपला कुठे ते कळत नाही. मग नव्वद अंशांत वळून आडव्या फेरीने बघा. तरीही टिकला तर बुटाने वरची दोन बोटं माती बाजूला करा आणि कॉइल पुन्हा तितक्याच जवळ न्या. आवाज वाढला, तर खाली काहीतरी आहे. गेला किंवा बाजूला सरकला, तर ते सरकवलेल्या मातीत आहे किंवा नुसता हॉट रॉक, म्हणजे धातूसारखा आवाज देणारा दगड, होता. व्हीएलएफ, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीची अखंड लहर सोडणाऱ्या, मशीनवर हॉट रॉकची आणखी एक खूण: कॉइल जरा उचलली की त्याचा आवाज पटकन विरतो, धातूचा मात्र हळूहळू कमी होतो.

नवी माणसं खोलीसाठी जीव टाकतात. मग मी त्यांना मोलिआगुलची गोष्ट सांगते. १८६९ साली जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना तिथे 'वेलकम स्ट्रेंजर' सापडला, जगातला सर्वांत मोठा गाळातला सोन्याचा गोळा. तो झाडाच्या मुळांशी, मातीखाली दोन-तीन सेंटिमीटरवर होता. किंगोवरजवळ केव्हिन हिलियरला १९८० मध्ये डिटेक्टरवर मिळालेला २७ किलोचा 'हँड ऑफ फेथ' साधारण फूटभर खाली होता. दोन्हीकडे लागली ती कॉइल खाली ठेवण्याची शिस्त. (पहिल्यांना तीही लागली नाही, पण ते जाऊ द्या.)

नांगरलेलं शेत आणि धसकटं

मालकाने परवानगी दिलेल्या शेतात नांगरट ताजी असेल तर सऱ्यांना आडवं चालू नका. कॉइल एका वरंब्यावरून दुसऱ्यावर उड्या मारते आणि मधल्या सरीत दहा-पंधरा सेंटिमीटर नुसती हवा राहते. सरीच्या दिशेने चाला, लहान कॉइल लावा, फेरी सरीच्या रुंदीपुरती ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे दोन-तीन पाऊस होऊन ढेकळं बसेपर्यंत थांबणं. पोकळ मातीतून आवाज तुटक येतो, दबलेल्या मातीतून नीट.

गहू कापल्यावरची धसकटं हा वेगळाच वैताग. गोल मोठी कॉइल त्यांच्यावर तरंगत राहते. लांबट अंडाकृती कॉइल ओळींच्या मधून सरकवा. फेरी दीड-दोन फुटांची होते, शेत संपता संपत नाही. माझं मत विचाराल तर धसकटात जाऊच नका, मालकाला विचारून पुढच्या पेरणीआधी या.

घळी, उतार, जुने खड्डे

उतारावर चढाच्या दिशेने चाला, उताराला आडवी फेरी मारा. कॉइल सपाट म्हणजे आकाशाशी नाही, पायाखालच्या जमिनीशी समांतर. उताराशी जुळेल असा कॉइलचा सांधा आधीच कलता करून ठेवा, हाताने वाकवत बसू नका, तासाभरात मनगट बोंबलतं. घळीत मात्र फेरी घळीच्या लांबीने मारायची, कारण आडवी फेरी दोन्ही काठांवर आपटते. पल्सच्या मशीनला कॉइल दगडावर आपटली की खोटा आवाज येतो. तळाशी खडक उघडा असेल तर प्रत्येक भेगेवर कॉइल आडवी आणि उभी, दोन्ही न्या. सोनं जड, ते भेगेतच बसणार.

जुन्या खाणकामाचे उघडे, विहिरीसारखे खड्डे या जंगलात जागोजागी आहेत. हेडफोन लावून, नजर कॉइलवर ठेवून मागे पाऊल टाकू नका, कधीच. उन्हाळ्यात ब्राउन स्नेकही असतात. मी तेव्हा एक कान उघडा ठेवते.

कचऱ्याची जागा

जुन्या वस्तीच्या ठिकाणी खिळे, काडतुसांची टोपणं, पत्र्याचे तुकडे यांचाच बाजार. मोठ्या कॉइलखाली एकाच वेळी तीन वस्तू येतात आणि लोखंड शेजारच्या चांगल्या वस्तूचा आवाज गिळतं. सहा इंची कॉइल, वीत-दीड वीत फेरी, आणि एकदा उत्तर-दक्षिण झालं की तीच जागा पूर्व-पश्चिम. एका बाजूने खिळ्यामागे लपलेली वस्तू दुसऱ्या बाजूने बोलते. इथे सेन्सिटिव्हिटी कमी केलेली बरी, हे मी आनंदाने सांगते.

खारी ओली वाळू

पोर्ट फिलिप बेच्या किनाऱ्यावर जाणार असाल तर आधी तिथल्या कौन्सिलचे नियम बघा. कोरड्या वाळूत अडचण काही नाही, वेगही वाढवता येतो. ओल्या वाळूत मीठ वीज वाहून नेतं, त्यामुळे कॉइलची उंची जराशी बदलली तरी मशीन ओरडतं. म्हणून तिथे जमिनीला घासण्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर वर धरा, पण ती उंची अजिबात हलू देऊ नका. एका वेळी एकच पट्टा निवडा, पूर्ण ओला किंवा पूर्ण कोरडा, आणि पाण्याला समांतर चालत तो संपवा. फेरी दोहोंच्या सीमेवरून गेली की दरवेळी खोटा आवाज येणारच. पट्टा बदलला की ग्राउंड बॅलन्स पुन्हा. एकाच फ्रिक्वेन्सीच्या व्हीएलएफला मीठ आणि लोहकणांची काळी वाळू दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत, तिथे एकदम अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं मल्टी-फ्रिक्वेन्सी मशीन कामाला येतं.

लाट कॉइलखालून जात असेल तर कॉइल आहे तिथे स्थिर धरा, पाणी ओसरलं की फेरी पुढे चालू. घरी आल्यावर कॉइलचं कव्हर काढून आतली वाळू गोड्या पाण्याने धुऊन टाका. ती तशीच राहिली तर पुढच्या खेपेला लाल मातीतही मशीन कुरकुरतं आणि दोष जमिनीला जातो.