ताडपत्रीचा हलवता येणारा निवारा: उभारणी आणि निगा

द्राक्षाचे रिकामे क्रेट, ठिबकच्या गुंडाळलेल्या नळ्या, फवारणीचा पंप किंवा एखादी मोटारसायकल पक्की शेड न बांधता पावसापासून वाचवायची असेल, तर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा सांगाडा आणि त्यावर ताडपत्री हा नाशिक परिसरात सहज जमणारा, कमी खर्चाचा उपाय आहे. मात्र असे निवारे पावसापेक्षा वाऱ्यानेच अधिक मोडतात. म्हणून ताडपत्री निवडण्याआधी निवारा जमिनीला कसा जखडणार, हे ठरवावे.

१० बाय १५ फुटांचे छप्पर सुमारे १४ चौरस मीटर भरते. ताशी ७२ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण २४ किलो वजनाइतका असतो, म्हणजे अशा छपराला सव्वातीनशे किलोंपेक्षा जास्त उचल बसू शकते. एक इंची पाइपच्या सांगाड्याचे वजन मात्र शंभर किलोंच्या आतच राहते. मे महिन्यात वळवाच्या सरीआधी सुटणारा वारा हा फरक क्षणात दाखवून देतो.

निफाड-दिंडोरीकडच्या काळ्या मातीत नुसत्या ठोकलेल्या खुंट्यांवर विसंबू नये, कारण ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि दोन्ही वेळा खुंटी ढिली होते. द्राक्षाच्या मांडवात कडेच्या अँगलला (लोखंडी खांबाला) ताण देण्यासाठी तार जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधतात, तीच पद्धत येथेही वापरावी: प्रत्येक खांबापासून थोडे बाहेर दोन फूट खोल खड्डा घ्यावा, जाड तारेचे दोन वेढे दिलेला मोठा दगड त्यात आडवा ठेवावा आणि वरून मुरूम टाकून चांगला चोपावा. काँक्रीटच्या अंगणात खड्डा घेता येत नसेल, तर चारही कोपऱ्यांना २०० लिटरचे ड्रम पाण्याने भरून पाइपला आवळून बांधावेत. असा एक ड्रम दोनशे किलोंचा होतो आणि निवारा हलवायच्या वेळी रिकामा करता येतो.

जागा थोडी उंचावरची, विजेच्या तारांपासून आणि वाळलेल्या फांद्यांपासून दूर असावी. पावसाळी वारे मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून येत असल्याने निवाऱ्याची अरुंद बाजू तिकडे करून ती वरची वीतभर फट सोडून बंद ठेवावी आणि दार पूर्वेला काढावे. छप्पर दोन्हीकडे उतरते हवे; दहा फूट रुंदीला मधला कणा कडेपेक्षा किमान अडीच फूट उंच ठेवावा. सपाट छपरावर पाण्याची खोळ तयार होते, आणि एका चौरस मीटरवर पडलेला १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, हे लक्षात घेतले की खोळीच्या वजनाने पाइप का वाकतात ते कळते. पाइपांच्या मधल्या मोकळ्या जागेत मांडवाची उरलेली तार ओढून घ्यावी. ठिबकची जुनी १६ मिलिमीटरची नळी उभी चिरून त्या तारेवर चढवली, तर ताडपत्री तारेवर घासून फाटत नाही. क्लॅम्प आणि बोल्टच्या डोक्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळाव्यात, कारण पहिले भोक बहुधा तिथेच पडते.

ताडपत्री उन्हाला टिकणारी, म्हणजे यूव्ही प्रक्रिया केलेली आणि निदान २०० जीएसएमची (दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची) घ्यावी. दोरी ताडपत्रीच्या कडेच्या रिंगेत थेट आवळण्याऐवजी मध्ये ट्यूबची एक कडी घालावी. जोराच्या झोताला कडी ताणली जाते आणि रिंग उपटून येत नाही. गाठ सुरगाठच मारावी, निरगाठ कधीही नको. वादळाचा इशारा आल्यावर दोघांनी मिळून ताडपत्री झटपट उतरवली, की उघड्या सांगाड्यातून वारा निघून जातो आणि नुकसान टळते.

आत जमिनीवर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर मुरूम आणि वर लाकडी पॅलेट, अशी मांडणी केल्यास खालची ओल सामानापर्यंत पोहोचत नाही. दोन्ही टोकांना कण्याखाली वीतभर फट ठेवावी, नाहीतर थंडीत पहाटे ताडपत्रीच्या आतून पाणी ठिबकते. कांदा मात्र येथे साठवू नये. त्याला खालून हवा लागते आणि त्यासाठी हवेशीर कांदाचाळच हवी. पेट्रोलचा साठा व कीटकनाशकेही येथे नकोत. मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि खते ओल धरून पाइप खातात, म्हणून तीही वेगळी ठेवावीत. विजा चमकत असताना माणसांनी किंवा जनावरांनी या लोखंडी सांगाड्याखाली आसरा घेऊ नये.

निगेचे मुख्य काम मृगाच्या आधी उरकावे: ताणाच्या तारा तपासाव्यात, बोल्ट आवळावेत, पाइपच्या कापलेल्या टोकांना झिंकचा रंग द्यावा आणि भोवतीची पाणी वाहून नेणारी चारी मोकळी करावी. पावसाळ्यात नायलॉनची दोरी भिजून सैल पडते, त्यामुळे प्रत्येक मोठ्या पावसानंतर एक फेरी मारून ती पुन्हा ओढून घ्यावी. साचलेले पाणी आतून काठीने ढकलताना काठीच्या टोकाला कापड गुंडाळावे. छोटे भोक दिसताच ती जागा साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, दोन्ही बाजूंनी ठिगळ लावावे. दसऱ्याच्या सुमारास ताडपत्री उतरवून उन्हात दोन्ही अंगांनी वाळवावी आणि मगच घडी घालावी. ओली घडी बुरशी धरते. घडीच्या रेषेवर नख ओढल्यावर पांढरी भुकटी निघू लागली किंवा धागे तुटू लागले, तर ठिगळे लावण्यात वेळ न घालवता नवी ताडपत्री घ्यावी आणि जुनीचे तुकडे पॅलेटखाली अंथरावेत.